कोटांसाठी सोडलेली दुहेरी

टिटवीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपटावर होतं. टिटवी हे नाव मामाने ठेवलेलं, ती चार वर्षांची असताना, कारण ती रडायला लागली की म्हणे दोन गल्ल्या पलीकडची कुत्रीसुद्धा भुंकायची. आता ती पंधरा वर्षांची होती. रडणं कधीच सुटलं होतं, आवाज मात्र तोच राहिला होता, आणि हा आवाज दाबून ठेवायची काही गरज नाही असं तिला याच वर्षी पहिल्यांदा वाटायला लागलं होतं.

मामा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. वय एकोणचाळीस. बोटांवर कायम पांढरी पूड. देशाकडून टेनिस खेळणारा माणूस म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे काही येतं, त्यातलं मामाकडे फक्त टेनिस होतं. तो दुहेरी खेळायचा. एकेरीला पाय लागतात, दुहेरीला डोकं, असं तो म्हणायचा, आणि टिटवी म्हणायची, "म्हणजे तुझे पाय गेले, असं सरळ सांग ना!"

पुरुषांच्या सांघिक टेनिसमध्ये त्यांच्या विभागात चार गट होते. पहिल्या गटातले देश टीव्हीवर दिसायचे. तिसऱ्या गटातले कुणालाच दिसायचे नाहीत, आणि चौथा गट म्हणजे वर्गातला शेवटचा बाक. सहा वर्षांपूर्वी आपला संघ चौथ्यातून तिसऱ्यात चढला तो मामाच्या दुहेरीमुळे. तेव्हा मामा घरी आला आणि पायरीवरच झोपून गेला. बूटसुद्धा काढले नव्हते. टिटवीने त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या होत्या, म्हणून त्या चढणीत आपलाही थोडासा वाटा आहे असं तिचं ठाम मत होतं.

या वर्षी तिसऱ्या गटाची स्पर्धा त्यांच्याच शहरात होती. आठ संघ, चार-चारांचे दोन भाग. प्रत्येक भागातला पहिला वर चढणार, शेवटचा खाली जाणार. एका लढतीत तीन सामने: दोन एकेरी, मग एक दुहेरी. आपल्या भागात आपण निळे शर्टवाले, आणि बाकीचे लाल, हिरवे, पिवळे. टिटवीला सुट्टी होती आणि तिला कोर्टाच्या कडेला आकड्यांच्या पाट्या उलटायचं काम मिळालं होतं. काम मिळालं म्हणजे तिने मिळवलं. संघटनेच्या सचिवबाईंसमोर तीन दिवस जाऊन उभी राहिली होती ती.

पहिल्या दिवशी हिरव्यांशी लढत होती. आपल्या संघातला उंच्या पहिली एकेरी जिंकला आणि डावरा दुसरी. दोन-शून्य! लढत खिशात! टिटवीने पाटी इतक्या जोरात उलटली की तिचा कोपराच निखळला. पाटीचा, टिटवीचा नव्हे.

आता दुहेरी, तीन वाजता. मामा आणि डावरा. मामा रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत डावऱ्याशेजारी बाकावर बसला होता, एवढ्यात कॅप्टन आले. एकेकाळी चांगले खेळाडू होते म्हणे. हातात कोट होता, निळा, सोनेरी बटणांचा. खिशावर भरतकामातलं बोधचिन्ह.

"आले रे कोट! पाचही आले," ते म्हणाले. "पाच वाजता फोटो, मग मुलाखत. चला, आवरा."

"आणि दुहेरी?" मामा म्हणाला.

"दुहेरी कशाला आता? लढत जिंकलोय आपण. मेलेला सामना आहे तो. आमच्या वेळी तर असे सामने आम्ही कधी खेळलोच नाही."

ते खरं होतं. त्यांच्या वेळी बाद पद्धत होती. जिंकला तो पुढे, हरला तो घरी, तिसऱ्या सामन्याला कुत्रंसुद्धा विचारायचं नाही. पण आता तशी पद्धत राहिली नव्हती. नाव नोंदवायच्या खोलीत भिंतीवर नियमांचा कागद चिकटवलेला होता आणि सकाळी काही काम नसल्यामुळे टिटवीने तो अख्खा वाचून काढला होता. वाचायला काही नसलं की ती साबणाचं वेष्टणसुद्धा वाचायची.

"सर, मोजतात!" ती पाटीसकट धावत आली. "लढती सारख्या झाल्या ना, की मग सामने मोजतात! सोडलेला सामना हरल्यात धरतात! सातवं कलम, सर!"

कॅप्टनांनी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे तिच्या डोक्याच्या जरा वरून पाहिलं.

"ही कोण?"

"भाची माझी," मामा म्हणाला.

"बाळ, तू जन्मायच्या आधीपासून आम्ही ही स्पर्धा खेळतोय. जा, त्या पाटीला खिळा मार."

बाळ! पंधरा वर्षांची! टिटवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती काही बोलायच्या आधीच कॅप्टनांचा कागद मामाच्या पुढ्यात गेला होता. सामना सोडायचा तर कारण द्यावं लागतं, आणि 'कोट' हे कारण चालत नाही. कॅप्टनांनी लिहिलं होतं: खेळाडूचा खांदा दुखावला.

"खांदा?" मामा म्हणाला. "माझा?"

"अरे, कागदोपत्री. नुसता सोपस्कार. खाली सही कर."

मामाने सही केली.

ते टिटवीने पाहिलं. नीट पाहिलं आणि तिला काहीच कळलं नाही. हाच मामा दुकानात एखाद्या काचेचा नंबर केसभर चुकला तरी ती गिऱ्हाईकाला देत नसे, फोडून टाकायचा आणि दुसरी करायचा.

फोटोला वेळ होता. मामाला चैन पडेना. "चल ग, हात मोकळा करू," म्हणून तो टिटवीला मागच्या सहा नंबरच्या सरावाच्या कोर्टावर घेऊन गेला. फाटकावर नोंदवही होती: कोर्ट, वेळ, खेळाडू, जोडीदार. जोडीदाराच्या रकान्यात टिटवीचं नाव लिहिलं गेलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वहीत! खऱ्या नावाने, आडनावासकट! तिने लगेच फोन काढून त्या पानाचा फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवून दिला. मग दीड तास मामा सर्व्हिस मारत होता आणि ती चेंडू परत पाठवत होती. परत पाठवत होती म्हणजे बहुतेक वेळा गोळा करत होती. मामाचा खांदा असा चालत होता की विचारू नका.

पाच वाजता पाच जण पाच कोटांत उभे राहिले. मामाच्या कोटाच्या बाह्या आखूड होत्या.

दुसऱ्या दिवशी लालांनी आपल्याला तीन-शून्यने धुतलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, लाल सगळ्यांनाच धूत होते. पण शेजारच्या कोर्टावर हिरव्यांनी पिवळ्यांना दोन-एकने हरवलं. टिटवीने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि आकडे भरले.

तिसऱ्या दिवशी पिवळ्यांशी लढत. दोन्ही एकेरी हरलो. शेजारी हिरवे लालांकडून दोन्ही एकेरी हरले. आता निळे, हिरवे, पिवळे, तिघांच्याही खात्यात एकेक लढत. कॅप्टन खुर्चीत मान टाकून बसले होते.

"हरलोच आहोत," ते म्हणाले. "आता दुहेरी खेळून काय..."

"सर!" टिटवीने वही त्यांच्या मांडीवर आपटली. "पिवळ्यांचे चार, लालांकडूनही एक काढलाय त्यांनी, ते सुटले. आपले सामने दोन. हिरव्यांचे तीन, त्यातला एक आपण दिलेला! मामा जिंकला तर आपले तीन. मग शेजारी हिरवे हरले पाहिजेत, म्हणजे तेही तीनवर राहतील, आणि आपण त्यांना हरवलंय म्हणून आपण वाचू. मामा हरला तर आपण गेलो. आणि परवा खेळून जिंकलो असतो ना, तर आज हिरव्यांकडे बघायचीसुद्धा गरज नव्हती!"

कॅप्टनांनी वही पाहिली. मग ते उठून मुख्य पंचांच्या टेबलाकडे गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं.

"खेळा," ते म्हणाले. "जीव तोडून खेळा."

"तेच परवा म्हणाला असतात तर," असं डावरा पुटपुटला, पण फक्त टिटवीलाच ऐकू येईल एवढंच.

मामा जिंकला. पहिला सेट गेला, दुसरा काढला, तिसरा टायब्रेकमध्ये काढला. शेवटच्या गुणाला जाळीपाशी त्याने चेंडू इतक्या हळू पलीकडे ठेवला की जणू कुणाच्या नाकावर चष्मा ठेवतोय. डावऱ्याने त्याला उचललं. टिटवी ओरडली, पण अर्ध्यातच थांबली, कारण शेजारचं कोर्ट अजून चालू होतं.

शेजारी हिरवे दोन-शून्यने हरलेले होते. त्यांची लढत केव्हाच संपली होती. मेलेला सामना! पण कुणीतरी हे त्यांना सांगायचं विसरलं होतं बहुतेक. त्यांच्यातला एक बुटका, टकलू, मामापेक्षाही मोठा दिसणारा माणूस प्रत्येक चेंडूमागे असा धावत होता की पोट पुढे आणि पाय मागे. लाल जोडी दोन दिवस जिंकून सुस्तावली होती. निळ्या शर्टातले सगळे जाळीला चिकटून उभे राहिले. टिटवीने डोळे मिटले, उघडले, परत मिटले. टकल्याने शेवटची सर्व्हिस मारली, आणि मग हिरव्या बाकावरून जो आवाज उठला त्यापुढे टिटवीसुद्धा चिमणी वाटली असती.

हिरवे चार. पिवळे चार. निळे तीन.

टकल्या येऊन मामाशी हात मिळवून गेला. जाताना त्याने विचारलं, "खांदा कसा आहे आता?" अगदी मनापासून विचारलं. मामाने मान खाली घालून रॅकेट पिशवीत घातली. टिटवीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिने आधी कोटांना पोटात घ्यावं.

पंधरा दिवसांनी ती शाळेतून परस्पर दुकानात गेली. मामा मागच्या खोलीत यंत्रावर काच धरून बसला होता. टिटवीला तिच्या वर्गशिक्षिकेच्या चष्म्याचा स्क्रू हवा होता, म्हणून तिने जुन्या फ्रेमांचा खण उघडला, तर फ्रेमांच्या खाली घडी घातलेलं पत्र. संघटनेचं. कुणी आपली पत्रं वाचली तर टिटवीने त्याचे केस उपटले असते, पण ते तत्त्व तिने तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं.

'खांद्याच्या जुन्या दुखापतीची पूर्वकल्पना न दिल्यामुळे पहिल्या दिवशीची दुहेरी सोडावी लागली. परिणामी संघ चौथ्या गटात घसरला. कर्णधारांच्या अहवालानुसार, आपला यापुढे संघासाठी विचार होणार नाही.'

"जुनी दुखापत?" टिटवी ओरडली. बाहेर दुकानात कुणाच्या तरी हातातून फ्रेम पडली. "पूर्वकल्पना? यांना लाज कशी वाटत नाही! कोट घालून फोटो कोणी काढले? आणि घसरला म्हणे! घसरला नाही, ढकलला!"

"हळू," मामा म्हणाला. "गिऱ्हाईक आहे."

"असू दे! त्यांनापण कळू दे! तू गप्प का बसलास?"

मामाने यंत्र बंद केलं. घरघर थांबल्यावर खोली एकदम लहान झाली.

"सही कोणाची आहे त्या कागदावर?"

टिटवीने पत्राची घडी घातली.

"माझी," मामा म्हणाला. "मला कुणी हात पिरगाळून नाही करायला लावली. खोट्यावर सही केली मी, टिटवे. कारण वीस वर्षं कॅप्टन सांगतील ते ऐकत आलो आणि त्या दिवशी नाही म्हणायला जीभ उचलली नाही. आता कुठल्या तोंडाने सांगू की खांदा ठीक होता?"

"याच तोंडाने! दुसरं आहे का तुझ्याकडे?"

मामा हसला, पण ते हसू गालापर्यंत पोचलं नाही. "आणि पुरावा? त्यांच्याकडे कागद आहे. माझ्याकडे काय?"

टिटवीने दप्तर पुढ्यात ओढलं. मग त्यातून फोन काढला आणि एवढ्या जोरात बोट फिरवायला लागली की स्क्रीनला भोकच पडायचं. मैत्रिणींचे फोटो, मांजराचे फोटो, मांजराचे आणखी फोटो. आणि मग ते पान! कोर्ट सहा. वेळ तीन ते साडेचार. खेळाडू: मामा. जोडीदार: ती, खऱ्या नावाने, आडनावासकट. वर तारीख. ज्या तीन वाजता मामाचा खांदा 'दुखावलेला' होता, तेच तीन.

मामाने फोन हातात घेतला. सवयीप्रमाणे तो आधी लांब धरला, मग जवळ आणला.

"हा का काढला होतास?"

"माझं नाव होतं म्हणून," टिटवी म्हणाली आणि आपल्या मिरवण्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा लाजली नाही.

घरी आईने वेगळाच सूर लावला. ती मामाची मोठी बहीण. "हे बघ," ती भावाला म्हणाली, "तू हे दाखवलंस तर कॅप्टन बुडतील, ते ठीक. पण तूही बुडशील. खोटी सही केली म्हणून तुलाच धरतील."

"धरू दे, ताई."

"एकोणचाळीस वर्षांचा आहेस. असंही किती खेळणार आहेस? गप्प राहिलास तर लोक म्हणतील, बिचाऱ्याचा खांदा गेला."

"तेच तर नकोय ना मला," मामा म्हणाला. "तो टकल्या मला खांदा विचारून गेला, ताई. दोन-शून्यने हरलेला असताना खेळला तो. त्याला उत्तर द्यायचंय मला."

संघटनेच्या कचेरीत लांब टेबल होतं, भिंतीवर पाच कोटांचा फोटो होता आणि फोटोखाली कॅप्टन बसले होते. सचिवबाई मध्ये होत्या. टिटवीला बाहेर थांबायला सांगितलं गेलं. ती दाराच्या आत, पण अगदी कडेला थांबली. एक पाय उंबरठ्याच्या बाहेर होता, तेव्हा तिच्या मते हुकूम पाळला गेला होता.

मामाने फोन टेबलावर ठेवला आणि थोडक्यात सांगितलं. "सही माझी आहे. कारण खोटं आहे. खांदा ठीक होता. त्याच वेळी मी दीड तास सराव करत होतो. सामना फोटोसाठी सोडला."

कॅप्टन लालबुंद झाले. "हे काय चाललंय? एका शाळकरी पोरीच्या मोबाईलवर..."

"त्या पोरीने तुम्हाला त्याच दिवशी सातवं कलम सांगितलं होतं," डावरा म्हणाला. तो मागे भिंतीला टेकून उभा होता, त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. "मी ऐकलंय. मी तिथेच होतो."

"तू मध्ये बोलू नकोस!"

"त्या दिवशी बोललो नाही म्हणूनच चौथ्या गटात आहोत, सर."

सचिवबाईंनी चष्मा नाकावर वर सरकवला आणि फोनवरचं पान बराच वेळ पाहिलं. मग शिपायाकडून मूळ नोंदवही मागवली. दोन्ही शेजारी ठेवली. टिटवीने हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं, आणि हे तिला शाळेत दहा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

निकाल तासाभराने आला. खांद्याबद्दलचं पत्र रद्द. अहवालातलं ते वाक्य खोडून 'सामना कर्णधाराच्या निर्णयाने सोडला' असं लिहायचं. कॅप्टनांचं कर्णधारपद गेलं. आणि खोट्या कागदावर सही केल्याबद्दल खेळाडूवर एक वर्षाची बंदी.

"काय!" टिटवीचा दुसरा पायही खोलीत आला. "त्यालाही? खरं सांगितलं म्हणून? बाई, हा अन्याय आहे! तो जिंकला होता! शेवटच्या दिवशी तो एकटाच..."

"सही केली नव्हती का त्यांनी?" सचिवबाई म्हणाल्या.

"केली, पण..."

"मग?"

मामाने टिटवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला बाहेर नेलं.

पायऱ्या उतरताना ती धुमसत होती. "एक वर्ष! चाळीस होशील तू! ते लोक चौथ्या गटात खेळतील आणि तू इथे बसून काचा घासशील! मीच फोटो दाखवायला नको होता."

"दाखवलास ते बरं केलंस," मामा म्हणाला. "आधीचं पत्र न केलेल्या गोष्टीबद्दल होतं. हे केलेल्या गोष्टीबद्दल आहे. एवढं मी पचवीन."

"मला नाही पचत!"

"मला दिसतंय ते. दोन गल्ल्यांना ऐकू जातंय."

ती हसली नाही. हसायचं नाही असं तिने ठरवलंच होतं. पण क्लबच्या फाटकाशी मामा थांबला, सरावाच्या कोर्टाची वही उघडून त्याने पेन तिच्या हातात दिलं. बंदी सामन्यांवर होती, सरावावर नव्हती. टिटवीने कोर्ट लिहिलं, वेळ लिहिली, त्याचं नाव, आपलं नाव, आडनावासकट. शेवटी शेऱ्याचा रकाना होता, जो कधीच कुणी भरत नसे. तिथे तिने पेन इतकं दाबून लिहिलं की पुढच्या तीन पानांवर उमटलं:

'खांदा ठणठणीत आहे. खात्री करायची असेल त्याने समोर उभं राहावं.'